जनुकीय अहवालातला कोणता शब्द कशाबद्दल बोलतो?

जनुकीय चाचणीचा अहवाल वाचताना अवघड शब्दांमुळे फारसा गोंधळ होत नाही. ते कळत नाहीत, म्हणून माणूस विचारतो तरी. दगा देतात ते ओळखीचे शब्द: पॉझिटिव्ह, वाहक, जोखीम, रोगकारक. यातला एखादा शब्द डीएनएच्या तुकड्याबद्दल असतो, दुसरा माणसाबद्दल, तिसरा चाचणीच्या कुवतीबद्दल आणि चौथा लाखो लोकांच्या गटाबद्दल. वाचणारा मात्र सगळेच स्वतःला लावून घेतो. 'रोगकारक बदल आढळला' हे विधान डीएनएबद्दल आहे. त्यावरून 'मला आजार आहे' असं कधी म्हणता येतं, कधी येत नाही, आणि ते ज्यावर ठरतं ते शब्द अहवालात दुसरीकडेच कुठेतरी बारीक अक्षरांत असतात. अहवाल हाताशी ठेवून पुढचं वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

जनुकीय, आनुवंशिक, जन्मजात

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून घराघरांत 'हे कोणाकडून आलं' असे नको ते वाद सुरू होतात. डीएनएतल्या किंवा गुणसूत्रांतल्या बदलामुळे उद्भवलं, तर ते जनुकीय. तो बदल आईकडून किंवा वडिलांकडून आला असेल, तर आनुवंशिक. आणि जन्मतःच असेल तर जन्मजात, मग कारण काहीही असो. गरोदरपणात आईला रुबेला झाल्यामुळे बाळाला आलेला बहिरेपणा जन्मजात आहे, जनुकीय नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आनुवंशिक आहे, पण लक्षणं बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात.

डाऊन सिंड्रोम जनुकीयही आहे आणि जन्मजातही. तरी सुमारे 95 टक्के मुलांमध्ये 21 व्या गुणसूत्राची तिसरी प्रत आलेली असते ती बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं नीट वेगळी न झाल्यामुळे. अशा आईवडिलांची गुणसूत्रं तपासली तर ती नेहमीसारखी 46 च निघतात. तीन-चार टक्के मुलांत मात्र 21 व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला जोडला गेलेला असतो, आणि तेव्हा आईवडिलांपैकी एकाकडे ती जोडणी निरुपद्रवी रूपात आधीपासून असू शकते. म्हणूनच मुलाकडे बघून निदान स्पष्ट दिसत असलं तरी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची प्रत्यक्ष मांडणी, करून घ्यायची असते. पुढच्या गरोदरपणातली जोखीम त्या मांडणीवरून ठरते, चेहऱ्यावरून नाही.

कर्करोगाच्या बाबतीत हाच फरक फार मोलाचा आहे. कर्करोग हा पेशींच्या डीएनएतल्या बदलांचाच आजार आहे, पण त्यातले पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. उरलेल्यांत बदल आयुष्यात कधीतरी त्या अवयवाच्या पेशींतच झालेला असतो. याला कायिक बदल म्हणतात आणि तो मुलांकडे जात नाही. त्यामुळे अहवालात पहिल्यांदा नमुना कशाचा होता ते बघा: गाठीचा तुकडा, की रक्त किंवा लाळ? गाठीच्या चाचणीत बीआरसीए या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकात दोष सापडला, तर तो फक्त गाठीत आहे की जन्मापासून सगळ्या शरीरात, हे त्या एका चाचणीवरून नक्की सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी लागते. ती होईपर्यंत मुलाबाळांच्या चाचण्यांची घाई करण्यात अर्थ नाही.

रक्ताच्या नमुन्यालाही एक मोठा अपवाद आहे. ज्याचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय, त्याच्या रक्तपेशींतला डीएनए दात्याचा असतो. लाळेतही पांढऱ्या पेशी असतातच, म्हणून लाळही चालत नाही. अशा वेळी त्वचेच्या पेशी वाढवून तपासतात. ही माहिती फॉर्मवर लिहिली नाही, तर प्रयोगशाळा अगदी बिनचूक काम करूनही दुसऱ्याच माणसाचा अहवाल देईल.

एक ओळ जवळून

पार्श्वभूमीपुरते आकडे असे. माणसात गुणसूत्रं 46, म्हणजे 23 जोड्या. एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरं: ए, टी, जी, सी. प्रथिन कसं घडवायचं ते सांगणारी जनुकं साधारण 20,000, आणि प्रथिनात थेट उतरणारा मजकूर सगळ्या डीएनएच्या एक-दोन टक्के. प्रमाण म्हणून ठरवलेल्या संदर्भ संचाशी ताडून पाहिलं, तर कोणाच्याही डीएनएत 40 ते 50 लाख ठिकाणी फरक सापडतो. म्हणजे फरक असणं हाच नियम आहे. याच कारणामुळे अहवालातून आता 'म्युटेशन' हा शब्द मागे पडलाय. त्याची जागा घेतलेला 'व्हेरिएंट' म्हणजे नुसता बदल. चांगला की वाईट, हे त्या शब्दात येत नाही.

आता अहवालातली ही ओळ घ्या: 'एचबीबी, सी.20ए>टी, पी.ग्लू7व्हॅल, विषमयुग्मी, रोगकारक.'

एचबीबी हे जनुकाचं नाव, हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचं. 'सी' म्हणजे मोजणी जनुकाच्या प्रथिनात उतरणाऱ्या मजकुरावर केली आहे. त्या मजकुरात 20 व्या अक्षराच्या जागी ए असायला हवा होता, तिथे टी आहे. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला तर हे अक्षर सातव्या शब्दाच्या मधोमध येतं: जीएजी चं जीटीजी झालं. 'पी' म्हणजे प्रथिन, अमिनो आम्लांची साखळी; तीन अक्षरांचा एकेक शब्द एकेक अमिनो आम्ल ठरवतो. सातव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. हाच सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा बदल. ओळीतले 'विषमयुग्मी' आणि 'रोगकारक' हे शब्द पुढे येतील. व्हर्नन इनग्रॅम यांनी 1957 साली दाखवून दिलं, की सिकलसेलच्या आणि साध्या हिमोग्लोबिनमध्ये फरक आहे तो एवढ्या एका अमिनो आम्लाचा.

पण पुस्तकं हा बदल सहाव्या जागी सांगतात आणि अहवाल सातव्या. दोन्ही बरोबर आहेत. प्रथिन तयार होताना पहिलं अमिनो आम्ल मेथिओनिन असतं आणि ते नंतर कापलं जातं. जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी तयार प्रथिनावर मोजलं, आजचा नियम मेथिओनिनला पहिलं धरतो. एकाच घरातल्या दोघांच्या अहवालांत सहा आणि सात दिसले, म्हणजे दोन वेगळे दोष आहेत असं समजू नका.

त्याच ओळीत पुढे कधी गुणसूत्रावरचा पत्ताही असतो. या बदलाचा पत्ता 11 व्या गुणसूत्रावर, जीआरसीएच 37 या संदर्भ आवृत्तीत 52,48,232 आणि जीआरसीएच 38 मध्ये 52,27,002 असा येतो. संदर्भ संच सुधारला की मधली अक्षरं कमी-जास्त होतात आणि पत्ते सरकतात. त्यामुळे आवृत्ती न लिहिता दिलेला पत्ता निरुपयोगी आहे. शिवाय इथे बदल 'टी>ए' असा उलटा लिहिलेला दिसेल. एचबीबी हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी समोरच्या धाग्यावरून वाचलं जातं, म्हणून संदर्भ धाग्यावर जोडीची अक्षरं दिसतात. दोन अहवालांची तुलना करताना जनुकाचं नाव, 'सी' ची ओळ आणि 'एनएम' ने सुरू होणारा क्रमांक या तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघा. एनएम क्रमांक म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या कोणत्या आरएनए नकलेवर मोजलं ते. अनेक जनुकांच्या अशा एकाहून जास्त नकला असतात, आणि नक्कल बदलली की तोच बदल वेगळ्या आकड्याने लिहिला जातो.

'पी' नंतर कंस दिसला, तर प्रथिनावरचा परिणाम प्रत्यक्ष तपासलेला नाही, डीएनएवरून काढलेला अंदाज आहे. बहुतेक अहवालांत तसंच असतं. 'एफएस' म्हणजे वाचनाची चौकट सरकली. एक किंवा दोन अक्षरं गळली, तर पुढचे सगळे तीन अक्षरी शब्द चुकीचे वाचले जातात आणि बहुधा थोड्याच अंतरावर 'थांबा' चा शब्द येऊन प्रथिन अर्धवट राहतं. तीनच अक्षरं गळली, तर चौकट टिकते आणि एक अमिनो आम्ल तेवढं कमी होतं. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आणि पचनाच्या आजारातला सगळ्यात जास्त आढळणारा बदल असाच आहे: सीएफटीआर जनुकातली तीन अक्षरं जातात आणि 508 व्या जागचं फेनिलअ‍ॅलनिन गायब होतं. तरीही आजार गंभीर, कारण प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पेशी ते पृष्ठभागावर पोहोचायच्या आधीच मोडून टाकते. गळालेल्या अक्षरांची संख्या आणि आजाराची तीव्रता यांचा सरळ संबंध लावता येत नाही, तो असा.

एक प्रत, दोन प्रती आणि वाहक

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. पुरुषांच्या एक्स गुणसूत्रावरची जनुकं याला अपवाद. बदल एका प्रतीत असेल तर विषमयुग्मी, दोन्हींत तोच असेल तर समयुग्मी. अप्रभावी आजारात दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय आजार होत नाही. एकच बिघडलेली असते तो वाहक. वाहक म्हणजे अर्धा रोगी नव्हे, आणि वाहकपणा पुढे वाढून आजारात बदलत नाही.

दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची 25 टक्के. 'प्रत्येक' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुरक्षित होत नाहीत. आजारी मुलाच्या निरोगी भावंडाचं गणित मात्र वेगळं येतं. तो आजारी नाही हे आपल्याला माहीतच आहे, म्हणजे चारपैकी एक शक्यता बाद झाली. उरलेल्या तिनांत दोन वाहकाच्या. त्याची वाहक असण्याची शक्यता 50 टक्के धरू नका, ती दोन-तृतीयांश आहे.

दोन्ही प्रतींत दोष असेल पण प्रत्येकीत वेगळा, तरी आजार होतो. अहवालात एकाच जनुकातले दोन वेगवेगळे विषमयुग्मी बदल लिहिलेले असतील, तर ते समोरासमोरच्या प्रतींत आहेत की एकाच प्रतीत, हा पुढचा प्रश्न. एकाच प्रतीत असले तर दुसरी प्रत शाबूत आहे आणि माणूस फक्त वाहक ठरतो. हे बदल एकमेकांपासून लांब असतील, तर नेहमीच्या चाचणीला ते कळत नाही. आईवडिलांचं रक्त तपासून एक बदल एकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे सापडला, की उत्तर मिळतं. प्रयोगशाळा आईवडिलांचे नमुने मागते तेव्हा ती खर्च वाढवत नसते.

बीटा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा साखळी पुरेशी न बनण्याचा आजार, त्याच्या वाहकाचा शोध तर साध्या रक्त तपासणीपासून सुरू होतो. तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, 80 फेम्टोलीटरच्या खाली आणि एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, 27 पिकोग्रॅमच्या खाली असलं की संशय घ्यायचा आणि ए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते मोजायचं. ते साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलं तर वाहकपणा धरतात. यात चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शरीरात लोह खूप कमी असेल तर ए2 खाली येतं आणि सीमारेषेवरचा वाहक 'नॉर्मल' ठरू शकतो. लोहाची कमतरताही पेशी लहान करते, त्यामुळे दोघांची गल्लत होते आणि वाहकाला विनाकारण महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकात ए2 वाढतच नाही. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल, तर मोजलेलं हिमोग्लोबिन काही अंशी दात्याचं असतं, कारण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते. गरोदरपणात वेळ कमी असतो. तिथे ए2 सीमेवर आलं तर लोह भरून निघेपर्यंत थांबत बसू नये. जोडीदाराची तपासणी लगेच करावी आणि गरज पडल्यास थेट डीएनए बघावा.

मधुमेहासाठी एचबीए1सी करतानाही हिमोग्लोबिनमधले हे बदल आड येतात. ही चाचणी साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजते आणि पेशीचं नेहमीचं आयुष्य गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो उलट वाढलेला दिसू शकतो. घरातल्या यंत्रावर साखर सतत जास्त दिसते आणि एचबीए1सी मात्र छान येतं, असं असेल तर आधी हिमोग्लोबिनचा प्रकार तपासून घ्यावा.

रोगकारक, आणि ते मधलं धूसर घर

2015 सालापासून बहुतेक प्रयोगशाळा अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सची पाच पायऱ्यांची वर्गवारी वापरतात: निरुपद्रवी, बहुधा निरुपद्रवी, अर्थ अनिश्चित, बहुधा रोगकारक, रोगकारक. 'बहुधा' म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त खात्री. ही खात्री बदलाबद्दलच्या पुराव्याची आहे. तुम्हाला आजार होण्याची शक्यता 90 टक्के, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये.

पुरावा अनेक ठिकाणांहून गोळा होतो. निरोगी लोकांच्या मोठ्या संग्रहात हा बदल किती जणांत आहे? दुर्मिळ आजाराला कारण म्हणून सांगितलेला बदल शंभरात एकाला सापडत असेल, तर तो सहसा निर्दोष सुटतो. कुटुंबात ज्यांना आजार आहे त्यांच्याकडेच तो आहे का? प्रथिनावर प्रयोग झालेत का? संगणकाचे अंदाजही जमेला धरतात, पण ते सगळ्यात कच्चा पुरावा. पाहिजे तेव्हा कोणीही 'क्लिनव्हार' या खुल्या संग्रहात आपला बदल शोधून वेगवेगळ्या प्रयोगशाळांचं मत बघू शकतो. मतं कधी कधी जुळत नाहीत, आणि तेही तिथे लपवलेलं नसतं.

'अर्थ अनिश्चित' हा निकाल सगळ्यात जास्त छळतो. डॉक्टरांनाही काहीतरी करून दाखवायचा मोह होतो. ठाम सांगायचं तर या निकालावर शस्त्रक्रिया ठरवू नये, नातेवाइकांना 'तुम्हालाही आहे का बघा' म्हणून भविष्य जाणून घेण्यासाठी चाचणीला पाठवू नये, गरोदरपणाबाबत निर्णय घेऊ नये. काळजी घ्यायची ती कुटुंबाचा इतिहास आणि स्वतःची लक्षणं बघून, जशी चाचणीच्या आधी घेतली असती तशीच. ज्या अनिश्चित बदलांचा वर्ग पुढे बदलतो, त्यातले बरेचसे निरुपद्रवीकडे सरकतात. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुनर्विचार करायला सांगता येतो. ती आपण होऊन कळवेलच असं नाही, म्हणून मूळ अहवाल जपून ठेवा आणि जमल्यास कच्च्या माहितीची फाइलही मागून घ्या.

बरेच समाजगट या संग्रहांत अजून फार कमी आहेत. त्यामुळे त्या गटातल्या माणसाचा एखादा अगदी साधा, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला बदलही 'अनिश्चित' म्हणून समोर येतो. दोष त्या माणसात नसतो, संग्रहात असतो.

रोगकारक आहे, मग आजार होणारच का?

याचं उत्तर पेनिट्रन्स या शब्दात आहे: तो बदल असलेल्या शंभर जणांपैकी ठरावीक वयापर्यंत किती जणांना आजार होतो. हंटिंग्टनमध्ये एचटीटी जनुकात सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा ओळीने येतात ते मोजतात. 26 किंवा कमी असली तर ठीक. 27 ते 35 असली तर त्या माणसाला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून जाताना, संख्या वाढू शकते. 36 ते 39 मध्ये काहींना आजार होतो, काहींना होत नाही. 40 किंवा जास्त असली तर सर्वसाधारण आयुर्मानात आजार होतोच. एकाच जनुकातला हा एकच प्रकारचा बदल, आणि पेनिट्रन्स शून्यापासून जवळपास शंभर टक्क्यांपर्यंत. इथे 'पॉझिटिव्ह' हा शब्द काहीच सांगत नाही, आकडा मागावा लागतो.

बीआरसीए1 आणि बीआरसीए2 यांबद्दल 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता अनुक्रमे 72 आणि 69 टक्के आली, अंडाशयाच्या कर्करोगाची 44 आणि 17 टक्के. म्हणजे जोखीम खूप मोठी आहे, पण नक्की नाही. शिवाय हे आकडे 80 वर्षांपर्यंतचे आहेत. तिशीतल्या बाईने ते 'पुढच्या वर्षी' असे वाचले, तर ती घाबरून चुकीचा निर्णय घेईल. पुढच्या पाच किंवा दहा वर्षांची जोखीम वेगळी विचारावी.

पेनिट्रन्ससोबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: आजार झाला तरी तो सगळ्यांत सारखा नसतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1 या, मज्जातंतूंवर गाठी येण्याच्या आजारात बदल असलेल्या जवळजवळ प्रत्येकात काही ना काही खूण दिसतेच, पण बापाच्या अंगावर फक्त तपकिरी डाग असतात आणि मुलीच्या दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ येते. बापाकडे बघून मुलीचं भाकीत करता येत नाही.

चाचणीला काय दिसतं, काय दिसत नाही

'बदल आढळला नाही' हे वाक्य चाचणीबद्दल असतं. ते वाचण्याआधी अहवालाच्या शेवटी 'पद्धत आणि मर्यादा' हा भाग वाचा, तोच सगळ्यात कमी वाचला जातो. आजच्या बहुतेक चाचण्या डीएनएचे छोटे तुकडे करून वाचतात, साधारण 150 अक्षरांचे. एका जागेवरून किती तुकडे गेले, त्याला खोली म्हणतात. विषमयुग्मी बदल सुमारे निम्म्या तुकड्यांत दिसायला हवा. 100 पैकी 12 तुकड्यांतच दिसला तर दोन शक्यता: वाचनातली चूक, किंवा शरीराच्या काही पेशींतच असलेला बदल. एखाद्या जागेवरून चार-पाचच तुकडे गेले असतील, तर तिथल्या 'नाही' ला फार किंमत देऊ नये.

तुकडेच छोटे असल्याने काही गोष्टी निसटतात. हंटिंग्टनसारखी लांब पुनरावृत्ती नीट मोजता येत नाही. जुळ्यासारख्या दिसणाऱ्या जनुकांत तुकडा नेमका कोणाचा ते कळत नाही. एसएमए या मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या आजाराशी जोडलेली दोन जनुकं, एसएमएन1 आणि एसएमएन2, इतकी सारखी आहेत की त्यांच्यासाठी प्रती मोजणारी वेगळी चाचणी करतात. जनुकाचा अख्खा भाग गळालेला असला, तर उरलेली प्रत व्यवस्थित वाचली जाते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून 'गळालेले आणि दुप्पट झालेले भाग तपासले का?' हा प्रश्न लेखी विचारावा. घरी नमुना घेऊन पाठवायच्या काही चाचण्या तर बीआरसीए जनुकांतले हजारोंपैकी मोजकेच ठरावीक बदल बघतात. तिथला 'निगेटिव्ह' म्हणजे तेवढे मोजके बदल नाहीत, बस.

आता उलटी बाजू. संवेदनशीलता म्हणजे आजारी शंभर जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते. विशिष्टता म्हणजे निरोगी शंभर जणांपैकी किती जणांना ती बरोबर सोडते. दोन्ही 99 टक्के असलेली चाचणी उत्तम वाटते. ती एक लाख लोकांवर करा, ज्यांच्यात हजारात एकाला आजार आहे. 100 आजारी, त्यातले 99 पकडले. 99,900 निरोगी, त्यातले 999 चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह 1,098, खरे त्यातले 99. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता फक्त 9 टक्के. तीच चाचणी लक्षणं असलेल्या लोकांवर केली, जिथे दहात एकाला आजार आहे, तर हीच शक्यता 92 टक्क्यांवर जाते. चाचणी बदलली नाही, ती कोणावर केली ते बदललं. लक्षणं नसताना हौसेने मोठमोठे तपासणी संच करण्याला माझा विरोध आहे, तो याच गणितामुळे.

गरोदरपणात आईच्या रक्तावरून करतात ती एनआयपीटी चाचणी या गणिताचं नेमकं उदाहरण. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते आणि तिला दिसणारा डीएनए मुख्यतः वारेतून आलेला असतो. बाळ आणि वार एकाच बीजापासून तयार होतात, पण कधी कधी गुणसूत्रांचा दोष वारेपुरताच असतो. त्यामुळे चाचणी चांगली असूनही ती चाळणीच आहे. पॉझिटिव्ह आली तर पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून खात्री करायची, आणि त्याआधी कोणताही न परतणारा निर्णय घ्यायचा नाही. वारेचा डीएनए 4 टक्क्यांहून कमी असेल तर अनेक प्रयोगशाळा निकालच देत नाहीत. असं झालं तर चाचणी पुन्हा करायची की पुढची तपासणी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गटाचे आकडे माणसावर लावताना

'या व्हेरिएंटमुळे जोखीम दुप्पट होते' असं वाचलं की पहिला प्रश्न: कशाच्या दुप्पट? दहा हजारांत एकाची दोन झाली, तरी दुप्पट. शंभरात वीसची चाळीस झाली, तरी दुप्पट. मूळ आकडा दिलेला नसेल तर ते वाक्य बाजूला ठेवा.

आनुवंशिकतेची टक्केवारी त्याहून फसवी. उंचीची आनुवंशिकता सुमारे 80 टक्के म्हणतात, तेव्हा अर्थ असा की एखाद्या गटात माणसा-माणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो. एका माणसाच्या उंचीची अशी वाटणी करता येत नाही. आणि आनुवंशिक म्हणजे उपायच नाही, असंही नाही. फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला वापरून संपवता न येणं, हा पूर्णपणे जनुकीय आजार आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ओळखून फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार सुरू केला, तर मेंदूचं नुकसान टळतं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर नवजात बाळांची तपासणी सुरू झाली, ती याच आजारापासून, 1960 च्या दशकात.

शेकडो-हजारो बदलांची बेरीज करून काढलेला बहुजनुकीय गुणांक आता बऱ्याच अहवालांत दिसू लागलाय. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि इतरांमध्ये तो कमी अचूक ठरतो. तुमच्या गटावर तो पडताळला नसेल, तर त्याच्या भरवशावर औषध सुरू करू नका.

शेवटी नातेवाइकांची चाचणी. कुटुंबात आजार असेल तर आधी ज्याला आजार झाला आहे त्याची चाचणी करावी. त्याच्यात रोगकारक बदल सापडला, की इतरांनी पूर्ण संच न करता तोच एक बदल तपासायचा. मागणीपत्रावर जनुक, 'सी' ची ओळ आणि एनएम क्रमांक लिहून मूळ अहवालाची प्रत जोडायची. या चाचणीत 'नाही' आलं तर ते खरं 'नाही': कुटुंबातला तो दोष या माणसाकडे आलेला नाही, आणि त्याची जोखीम साधारण लोकांइतकी धरता येते. आजारी माणसाची चाचणी झालेलीच नसेल आणि निरोगी भावाने आपली करून घेतली, तर त्याच्या 'नाही' चे दोन अर्थ होतात: दोष होता आणि त्याच्याकडे आला नाही, किंवा कुटुंबातला दोष या चाचणीला दिसतच नाही. अशा भावाची नियमित तपासणी थांबवू नये. आजारी नातेवाईक फार थकला असेल, तर त्याचा डीएनए काढून साठवून ठेवण्याची सोय प्रयोगशाळेत आहे का ते वेळेत विचारावं.